यॉर्कच्या गल्ल्या: गेट म्हणजे रस्ता, बार म्हणजे दरवाजा

माझा भाचा शिकायला इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात गेला, त्याच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला आपाचा फोन आला. आपा म्हणजे त्याची आई, माझी थोरली बहीण. आवाजात काळजी. "अरे, तू मास्तर आहेस, तूच त्याच्याशी बोल. म्हणतो खोली बारला लागून मिळालीये. भाडं कमी आहे म्हणून घेतली. आपल्या खानदानात कुणी बारच्या रस्त्यानं सुद्धा गेलं नाही, आणि हा बारच्या भिंतीला राहणार!"

मी भाच्याला फोन लावला. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "मामू, वॉल्मगेट बार म्हणजे दारूचा बार नाही. शहराच्या जुन्या तटबंदीचा दरवाजा आहे. इथे दरवाजाला बार म्हणतात."

"मग गेट कशाला म्हणतात?"

"रस्त्याला."

आपाला हे पटवायला मला अर्धा तास लागला. शेवटी तिने विचारले, "मग दारूच्या दुकानाला काय म्हणतात?" प्रश्न अगदी बरोबर होता. यॉर्कचे लोक पाहुण्यांना हाच विनोद ऐकवतात: आमच्याकडे रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब म्हणतात.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. शब्द कुठून आला हे विचारायची खोड वीस वर्षांच्या नोकरीत अंगात मुरलेली आहे. त्या रात्रीनंतर भाचा मला रस्त्यांच्या पाट्यांचे फोटो पाठवू लागला आणि मी त्यांचे मूळ शोधू लागलो. यॉर्क मी स्वतः पाहिलेले नाही. पण वर्षभरात त्या शहराच्या गल्ल्या मला आमच्या मोहल्ल्यासारख्या पाठ झाल्या. त्यातल्या एका गल्लीने मात्र मला बरेच दिवस झोपू दिले नाही. तिच्याकडे येतोच, पण आधी शहराची ओळख करून घेऊ.

यॉर्क हे नाव म्हणजे चार भाषांनी चावून चावून लहान केलेला घास आहे. इ.स. ७१ मध्ये रोमन सैन्याने इथे किल्ला बांधला आणि त्याला एबोराकम म्हटले. हा शब्दही त्यांचा नव्हता. तिथल्या मूळ ब्रिटन लोकांच्या बोलीतला होता आणि त्याचा अर्थ बहुधा 'यू नावाच्या झाडांची जागा' असा होता. रोमन गेले, अँग्लो-सॅक्सन आले. त्यांना 'एबोर' कळेना. त्यांच्या भाषेत 'एओफोर' म्हणजे रानडुक्कर, म्हणून त्यांनी शहराला एओफोरविक म्हटले. झाडाचे डुक्कर झाले! ८६६ साली डेन्मार्क-नॉर्वेकडून व्हायकिंग आले. त्यांच्या जिभेवर एओफोरविकचे योरविक झाले आणि पुढच्या शतकांत ते झिजून झिजून यॉर्क उरले.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की या चारपैकी एकही नाव कुणी हुकूम काढून बदललेले नाही. राजवट बदलली, नवे लोक आले, त्यांनी जुने नाव चुकीचे ऐकले आणि आपल्या जिभेला जमेल तसे म्हटले. आपल्याकडचा अनुभव थोडा वेगळा आहे. मलिक अंबरने वसवलेली खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर: इथे प्रत्येक वेळी नाव वरून आले. वर्गात मी चारही नावे फळ्यावर लिहितो. मुले विचारतात, "सर, परीक्षेत कोणतं लिहायचं?" मी सांगतो, "आज जे आहे ते लिहा, पण बाकीची तीन विसरू नका." असो. यॉर्ककडे परत जाऊ.

व्हायकिंगांचा शेवटचा राजा एरिक याला ९५४ मध्ये हाकलून दिले. म्हणजे त्यांची सत्ता जेमतेम नव्वद वर्षे. पण त्यांनी रस्त्याला दिलेला शब्द हजार वर्षांनंतरही पाट्यांवर आहे. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'गाता' म्हणजे रस्ता. त्याचेच झाले गेट. इंग्रजीतल्या दरवाजाच्या गेटशी त्याचा काही संबंध नाही, दोन वेगळे शब्द केवळ योगायोगाने एकसारखे दिसू लागले. आणि दरवाजाला बार का? तर रात्री दरवाजा अडसर टाकून बंद करायचे. तो आडवा टाकलेला अडसर म्हणजे बार. पुढे अख्ख्या दरवाजालाच ते नाव पडले.

मिकलगेट म्हणजे थोरला रस्ता, कारण 'मिकल' म्हणजे मोठा. या रस्त्याच्या तोंडाशी जो दरवाजा आहे, मिकलगेट बार, त्याच्यावर राजद्रोह्यांची मुंडकी टांगत असत. १४६० मध्ये खुद्द यॉर्कचा ड्यूक रिचर्ड याचे मुंडके तिथे लटकले होते. गुड्रमगेट हे गुथ्रम या व्हायकिंग नावावरून आलेले. फीझगेट म्हणजे गोठ्याची गल्ली, तर हंगेट म्हणजे कुत्र्यांची. स्वाइनगेट कशाची ते सांगायला नको. भाच्याने तिचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "मामू, ही अम्मीला दाखवू नका."

काही नावांची गंमत अशी की आज ती फार सुंदर वाटतात. शहराबाहेर पडणारा एक रस्ता आहे, ब्लॉसम स्ट्रीट. मोहोराचा रस्ता! वसंतात दोन्ही बाजूंना फुललेली झाडे डोळ्यांसमोर येतात. पण तेराव्या शतकात त्याचे नाव होते प्लॉक्सवेनगेट, म्हणजे नांगर हाकणाऱ्यांचा रस्ता. शेतकऱ्यांच्या पायांची माती त्या नावाला होती. बोलता बोलता ती धुतली गेली आणि फुले राहिली. दुसरी एक गल्ली आहे, ग्रेप लेन. द्राक्षांशी तिचा काडीचाही संबंध नाही. मध्ययुगात तिथे देहविक्रीचा धंदा चाले आणि तिचे मूळ नाव इतके उघडेनागडे होते की मी ते इथे लिहू शकत नाही, शिक्षकाची नोकरी आहे. पुढच्या पिढ्यांतल्या सभ्य लोकांनी दोन-चार अक्षरे गाळून तिची द्राक्षे केली.

आणखी एक नाव सांगतो. फक्त पस्तीस यार्ड लांबीची एक गल्ली आहे, आपल्या शाळेच्या व्हरांड्याएवढी. तिचे नाव व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट. व्हिप म्हणजे चाबूक, म्हणून लोक म्हणतात की इथे गुन्हेगारांना फटके मारत. पण १५०५ च्या नोंदीत ते नाव 'व्हिटनोरव्हॉटनोरगेट' असे आहे आणि तिथे लावलेल्या पाटीनुसार त्याचा अर्थ 'काय पण रस्ता!' असा होतो. एवढ्याशा गल्लीची कुणीतरी चेष्टा केली आणि ती पाचशे वर्षे टिकली.

मी स्वतःही एका नावाला फसलो, तेही सांगून टाकतो. भाच्याने कॉपरगेटचा फोटो पाठवला तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "सोपं आहे. कॉपर म्हणजे तांबं. आपल्या पुण्यातली तांबट आळी, तशी ही." वर्गातही तसेच सांगितले. नंतर वाचले तर कळले की हा तांब्याचा कॉपर नाहीच. जुन्या नॉर्समध्ये 'कोप्पारी' म्हणजे लाकडाचे प्याले आणि वाडगे कातणारा कारागीर. म्हणजे ती तांबट आळी नव्हती, कातारी आळी होती. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन चूक दुरुस्त केली. मुलांना मास्तर चुकल्याचा फार आनंद होतो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. १९७६ ते १९८१ या काळात कॉपरगेटवर उत्खनन झाले. जमीन ओली असल्यामुळे एरवी कुजून जाणाऱ्या वस्तूही तिथे टिकल्या होत्या. लाकडी घरांच्या भिंती, चामड्याचे जोडे, विणलेला मोजा आणि ढिगाने लाकडी वाडग्यांचे कातकाम: तयार वाडगे, अर्धवट राहिलेले वाडगे आणि कातल्यावर मधला जो गाभा उरतो त्याचे तुकडे. कारागिरांच्या घरांची राखरांगोळी झाली, त्यांची भाषा गेली, पण नावाने आपली साक्ष बदलली नव्हती. आज त्याच जागी जमिनीखाली योरविक नावाचे संग्रहालय आहे, १९८४ मध्ये उघडलेले.

या उत्खननात निघालेल्या हजारो वस्तूंत एक नाणे आहे. भाच्याला मी मुद्दाम ते बघायला सांगितले. नाण्यावर अरबी अक्षरे आहेत आणि नाव आहे सामानी अमीर इस्माईल बिन अहमद याचे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा सामानी दिरहम, यॉर्कच्या चिखलात! मध्य आशियातली चांदी व्होल्गा नदीच्या वाटेने स्कँडिनेव्हियात आणि तिथून इंग्लंडपर्यंत पोहोचत असे. २००७ मध्ये यॉर्कजवळ हॅरोगेटच्या शेतात चांदीच्या भांड्यात लपवलेला व्हायकिंग खजिना सापडला. त्यातल्या ६१७ नाण्यांमध्येही असे दिरहम होते. फक्त कॉपरगेटचा दिरहम खोटा आहे. आत तांबे, वरून कथिलाचा मुलामा. कुठल्यातरी लबाडाने कुणाला तरी फसवले होते. आपल्या लोकांना इतिहासात जिकडे तिकडे आपली शान शोधायची सवय आहे, म्हणून मी हा मुलामा आवर्जून सांगतो. त्यातून एवढे मात्र दिसते की समरकंदच्या नाण्याची यॉर्कच्या बाजारात इतकी पत होती की त्याची नक्कल करणे परवडत होते.

१०६६ नंतर नॉर्मन आले. त्यांची भाषा फ्रेंच होती. त्यांनी यॉर्कमध्ये दोन किल्ले बांधले आणि त्यासाठी शहराच्या सात भागांपैकी एक अख्खा भाग उजाड केला. उत्तरेत बंड झाले तेव्हा गावेच्या गावे जाळली. इतकी दहशत असूनही रस्त्यांची गेटे तशीच राहिली. कारण उघड आहे: त्या काळात कोपऱ्यावर पाटी नव्हती. नाव म्हणजे भाजीवाल्याने, पाणक्याने, निरोप्याने उच्चारलेला शब्द. बादशहाला पाटी बदलता येते, पण पाणक्याची जीभ कशी बदलणार?

त्याच काळातली एक गल्ली आज सगळ्या जगाला माहीत आहे. तिचे नाव शॅम्बल्स. दोन्ही बाजूंची लाकडी घरे वरच्या मजल्यावर इतकी पुढे झुकलेली की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवावा. हॅरी पॉटरच्या चाहत्यांची तिथे रीघ लागलेली असते. शॅम्बल्स म्हणजे खाटकांच्या दुकानापुढचे मांस मांडायचे फळकूट. ही खाटीक गल्ली होती आणि १८७२ पर्यंत तिथे पंचवीस दुकाने होती. आज एकही नाही. इंग्रजीत पसारा, सत्यानाश या अर्थी वापरला जाणारा शॅम्बल्स हा शब्दही खाटकाच्या याच फळकुटावरून आला आहे. भाच्याने तिथे चॉकलेट खाल्ले आणि फोटो पाठवला. मी त्याला विचारले, मार्गारेटचे घर पाहिलेस का?

मार्गारेट क्लिथरो ही याच गल्लीतल्या एका खाटकाची बायको. राज्य प्रोटेस्टंट झाले होते आणि ती कॅथलिक राहिली होती. घरात पाद्री लपवल्याचा आरोप तिच्यावर आला. खटला चालला तर आपल्याच मुलांना साक्षीला उभे करतील म्हणून तिने आरोप मान्यही केला नाही आणि नाकारलाही नाही. अशा माणसासाठी तेव्हाच्या कायद्यात एक शिक्षा होती. २५ मार्च १५८६ रोजी तिला जमिनीवर झोपवून अंगावर दार ठेवले आणि दारावर दगड रचत गेले. १९७० मध्ये रोमने तिला संत म्हणून जाहीर केले. शॅम्बल्समधले एक घर आज तिचे स्मारक आहे, पण ते तिचे खरे घर नव्हे, खरे बहुधा समोरच्या बाजूला होते. बाई मात्र खरी होती आणि दगडही.

आता त्या गल्लीकडे येतो जिच्यासाठी हे सगळे लिहायला घेतले.

एका शुक्रवारी भाच्याने पाटीचा फोटो पाठवला: जबरगेट. मी ते देवनागरीत लिहिले आणि उर्दूच्या सवयीने मनात आले, जब्र! जुलूम-जबरदस्तीतला जब्र. अर्थात इंग्रजी नावाचा अरबी शब्दाशी काही संबंध नाही, हे मलाही ठाऊक होते. मूळ शोधले तर बाराव्या शतकात, ११४५ च्या सुमारास, या रस्त्याचे नाव ब्रेटगेट होते. म्हणजे ब्रिटन लोकांचा रस्ता. इथे थोडे थांबून विचार करा. ज्यांच्या नावावरून त्या बेटाला ब्रिटन म्हणतात, जे तिथले सगळ्यात जुने रहिवासी, वेल्श लोकांचे भाऊबंद, ते त्या शहरात इतके थोडे उरले होते की त्यांची वेगळी ओळख म्हणून एक गल्ली दाखवता येत होती. बहुसंख्यांच्या नावाची गल्ली कुठेच नसते. कोल्हापुरात मराठी गल्ली कशाला असेल?

पुढे १२८० च्या नोंदीत तेच नाव जुब्रेटगेट असे येते. मध्येच चिकटलेला हा 'जु' म्हणजे ज्यू, आपण ज्यांना यहुदी म्हणतो ते. तोवर हा ज्यू वस्तीकडचा ब्रेटगेट झाला होता. पुढे जुब्रेटगेट झिजले आणि जबरगेट झाले. म्हणजे या एका शब्दात दोन अल्पसंख्य जमाती एकमेकींवर दाबून बसवल्या आहेत आणि आज ते नाव उच्चारणाऱ्याला दोघींपैकी एकही ऐकू येत नाही.

आपल्या उर्दूच्या पुस्तकांत रिचर्ड द लायनहार्ट भेटतो तो सलाहुद्दीन अय्युबींचा दिलदार शत्रू म्हणून. ११८७ मध्ये सलाहुद्दीन यांनी जेरुसलेम घेतले आणि रिचर्ड तिसऱ्या धर्मयुद्धासाठी निघाला. दोघांच्या शौर्याच्या आणि शिष्टाचाराच्या कहाण्या मी लहानपणापासून ऐकल्या, वर्गात सांगितल्याही. पण रिचर्ड निघाला तेव्हा त्याच्या पाठीमागे त्याच्या देशात काय झाले हे मला यॉर्कच्या एका पाटीने शिकवले.

सप्टेंबर ११८९ मध्ये लंडनला रिचर्डचा राज्याभिषेक झाला. नजराणा घेऊन आलेल्या ज्यूंवर जमाव तुटून पडला. यॉर्कचा सावकार बेनेडिक्ट त्यात जबर जखमी झाला आणि परतीच्या वाटेवर मेला. पुढच्या वसंतात हे लोण उत्तरेकडे पसरले. धर्मयुद्धाला निघायची हवा तापली होती आणि लोक म्हणू लागले की शत्रूला मारायला इतक्या लांब कशाला जायचे, तो तर इथेच राहतो. यॉर्कमध्ये पुढाकार घेणाऱ्यांत रिचर्ड मालेबिस नावाचा जमीनदार होता. तो ज्यू सावकारांचा कर्जदार होता. बेनेडिक्टचे घर लुटले, जाळले, माणसे मारली. उरलेले ज्यू आपला पुढारी जोसे याच्यासोबत राजाच्या किल्ल्यात आसऱ्याला गेले. किल्लेदार बाहेर गेला तेव्हा तो आपल्याला विकेल या भीतीने त्यांनी त्याला परत आत घेतले नाही. मग शेरीफचे सैन्यही वेढ्यात सामील झाले.

१६ मार्च ११९० ची रात्र. त्यांच्या पेसाह सणाच्या आधीचा मोठा शब्बाथ. लाकडी मनोऱ्यात सुमारे दीडशे माणसे होती. फ्रान्सहून आलेले रब्बी योम तोव्ह यांनी सांगितले की जमावाच्या हाती पडून बाप्तिस्मा घेण्यापेक्षा आपण आपल्या हाताने मरू. बापांनी बायका-मुलांच्या गळ्यावर सुरी चालवली. मनोऱ्याला आग लागली. काही जण सकाळी बाहेर आले, बाप्तिस्मा घेतला तर जीव वाचेल असा शब्द त्यांना दिला होता. त्यांनाही दाराशीच कापले.

आणि मग जमाव किल्ल्यावरून थेट मोठ्या चर्चमध्ये गेला, ज्याला तिथे मिनस्टर म्हणतात. कर्जाचे कागद तिथे ठेवलेले होते. ते काढले आणि चर्चच्या आतच जाळले. धर्मयुद्धाचा हिशेब तिथे पुरा झाला.

सरकारने काय केले? राजाच्या कुलमुख्त्याराने शहराला दंड ठोकला, काही अधिकारी बदलले. चार वर्षांनी, ११९४ मध्ये, नवा नियम आला की ज्यूंच्या कर्जरोख्याची दुसरी प्रत शहरातल्या सरकारी पेटीत कुलूपबंद राहील. माणसे पुन्हा जळाली तरी कागद जळता कामा नयेत, कारण त्या व्यवहारातून राजाला कर मिळत असे.

नवल म्हणजे ज्यू यॉर्कला परत आले. कोनी स्ट्रीटवर त्यांची घरे झाली. कोनी म्हणजे जुन्या इंग्रजीत ससा, पण हा ससा नव्हे: नॉर्समध्ये 'कोनुंग' म्हणजे राजा. राजाच्या रस्त्यावर राजाचीच मालमत्ता समजले जाणारे लोक राहत होते. त्यातला यॉर्कचा आरोन तेराव्या शतकात इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक होता. तिसऱ्या हेन्रीने त्याच्याकडून इतका कर उकळला की तो कफल्लक होऊन मेला. मग १२९० मध्ये पहिल्या एडवर्डने फर्मान काढले आणि इंग्लंडमधले सगळे ज्यू देशाबाहेर घालवले. पुढची साडेतीनशे वर्षे त्यांना इंग्लंडमध्ये उघडपणे राहायची मुभा नव्हती.

म्हणजे १२९० नंतर जुब्रेटगेट म्हणणाऱ्यांपैकी कुणाच्याही शेजारी ज्यू राहत नव्हता. तरी नाव चालत राहिले. ज्या मनोऱ्याच्या जागी ते दीडशे लोक मेले, तिथे नंतर दगडी मनोरा झाला. त्याला क्लिफर्ड्स टॉवर म्हणतात, एका सरदार घराण्याच्या नावाने. नाव ऐकून ११९० चा पत्ता लागत नाही. तिथे त्या घटनेची पाटी लागली ती १९७८ मध्ये, म्हणजे सातशे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. गल्ली त्या मानाने जास्त प्रामाणिक निघाली. तिने निदान 'जु' एवढे अक्षर तरी सांभाळले.

आणि तटाबाहेरच्या एका जागेने तर पूर्ण नाव सांभाळले. फॉस नदीजवळ, तटबंदीला लागून एक रस्ता आहे, ज्यूबरी. कुणालाही वाटेल बरी म्हणजे इंग्रजीतले दफन. पुन्हा तीच फसवणूक! हा शब्द 'बर्ग' या वस्तीच्या जुन्या शब्दातला आहे, म्हणजे शहराबाहेरची ज्यूंची जागा. पण जागा खरोखर कब्रस्तानाचीच होती. ११७७ पर्यंत इंग्लंडभरच्या ज्यूंना एकच कब्रस्तान होते, लंडनमध्ये. यॉर्कचा ज्यू मेला तरी त्याचा जनाजा लंडनपर्यंत न्यावा लागे. त्या वर्षी दुसऱ्या हेन्रीने शहरांबाहेर दफनाची परवानगी दिली आणि ज्यूबरीची जमीन आली.

१९८० च्या दशकात तिथे सुपरमार्केट बांधायचे ठरले. खाली काय असेल याचा अंदाज आधीच होता, कारण नाव आणि जुने दस्तऐवज दोन्ही सांगत होते. १९८२-८३ मध्ये खोदले तेव्हा सुमारे पाचशे कबरी निघाल्या, ओळीने, एकमेकींवर न चढलेल्या. सातशे वर्षे ज्यांना भेटायला कुणी आले नव्हते असे लोक. हाडांची तपासणी झाली, ज्यू धर्मगुरूंनी लवकर पुन्हा दफन करा म्हणून आग्रह धरला आणि १९८४ मध्ये त्यांना तिथेच जवळ पुन्हा माती दिली. बाकी जागेवर सुपरमार्केट आणि गाड्यांचे पार्किंग आहे.

हे सगळे मी भाच्याला फोनवर सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, मी भाजी तिथूनच आणतो."

यॉर्कची मशीद बुल लेनवर आहे. वळू गल्ली म्हणा. जुम्याची नमाज तो तिथेच पढतो. मे २०१३ मध्ये लंडनला एका सैनिकाची हत्या झाली, मुसलमानांविरुद्ध देशभर मोर्चे निघू लागले आणि या मशिदीवरही आंदोलन येणार असे जाहीर झाले. मशिदीच्या लोकांनी चहा केला, बिस्किटे मांडली. शंभरावर शेजारी पाठिंब्याला येऊन उभे राहिले. आंदोलक आले ते मोजून पाच-सहा. त्यांना आत बोलावले, चहा पाजला, बोलणे झाले आणि शेवटी सगळे मिळून फुटबॉल खेळले. भाचा तेव्हा इथे शाळेत होता, पण मशिदीतले बुजुर्ग अजून तो किस्सा चवीने सांगतात. त्या गल्लीत चहाचे घोट घेणाऱ्यांपैकी किती जणांना ११९० चा मार्च ठाऊक होता कोण जाणे. दोन्ही जागा एकाच शहरात आहेत, चालत जाण्याएवढ्या जवळ.

मागच्या रमजानात त्याने विचारले, "मामू, पार्किंगमधून जाताना सलाम करू का? कबरीच आहेत ना." मी त्याला हदीसमधला प्रसंग सांगितला. एका यहुद्याचा जनाजा जात होता आणि पैगंबर साहेब (स.) उठून उभे राहिले. कुणीतरी म्हणाले, तो तर यहुदी होता. त्यावर त्यांनी विचारले की तोही एक जीव नव्हता का?

भाचा आता सायकल पार्किंगमध्ये लावत नाही. रस्त्याच्या पलीकडे खांबाला कुलूप लावतो आणि पिशव्या हातात घेऊन चालत येतो. थंडीत बोटे आखडतात म्हणतो. आपाने त्याला हातमोजे पाठवले आहेत.